राज्य कुणावर

उद्या पॉलिटिकल सायन्स. ऐंशी गुण, तीन तास.
पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत
अब्बांच्या ओल्या बॉयलर सूटखाली बसून
मी पाठ करतेय:
सत्ता म्हणजे आपल्याला हवं ते
दुसऱ्याकडून, त्याची इच्छा नसतानाही,
करवून घेण्याची क्षमता.

आतून अम्मीचा आवाज, आधी जेव.
भूक नाही म्हटलं, तरी ताट आलंच.
एक उदाहरण मिळालं.

समोर फुजैराचा समुद्र.
रात्री त्याच्यावर एक गाव उगवतं.
एकदा मोजले होते दिवे, एकशे बारापर्यंत,
मग डोळे चुरचुरले.
गाव कसलं, नांगर टाकून उभी जहाजं,
सामुद्रधुनीत शिरायचं की थांबायचं
याचा निरोप येईस्तोवर थांबलेली.
निरोप कुठून येतो विचारलं की अब्बा वर बोट दाखवतात.
वर म्हणजे आभाळात नाही,
ऑफिसच्या वर, त्याच्याही वर कुठेतरी.

अब्बांची बार्ज या जहाजांना तेल पाजते.
पोटात समुद्रभर तेल असून
स्वतःच्या चुलीसाठी त्यांना वेगळं विकत घ्यावं लागतं,
हे मला नववीत कळलं.
अजून हसू येतं.

पुढचा मुद्दा, राष्ट्रीय हित.
लीलम्मा मिसनी रंगांत वाटून दिलंय:
अत्यावश्यक ते लाल, महत्त्वाचं ते निळं,
बाकीचं पेन्सिलीनं.
हित हा शब्द मला कालुस्त्यापासून ओळखीचा.
"तुझ्या हिताचंच सांगते गं," म्हणत
मोठ्या खालानं फरीदाआपाचं कॉलेज सोडवलं होतं.
फरीदाआपा तेव्हा मटार सोलत होती. सोलतच राहिली.
पण पेपरात हे चालत नाही.
पेपरात देश लिहायचे, नावानिशी, सालासकट.

महगुलचा मेसेज: व्हेटोवाले पाच कोण?
मला चारच आठवतात.
तिला पाठांतर जमत नाही, नकाशा मात्र तोंडपाठ.
तिचे चुलते तीन देशांत राहतात
आणि म्हणे शेत एकच होतं.

मग मी फोनवर बघते, अब्बा कुठवर आले.
निळा ठिपका समुद्रात नाही.
डोंगरापलीकडे, वाळवंटात,
जिथे रस्तासुद्धा नाही तिथून
सावकाश चाललाय.
दहा दिवस झाले, कुणीतरी सिग्नल पळवतंय.
कुणाच्या हितासाठी, ते बातमीत येत नाही.
परवा तर अब्बांची बार्ज
नऊशे टन तेल घेऊन
एका विमानतळाच्या धावपट्टीवर उभी होती.
फोन लागला तेव्हा म्हणाले, घाबरू नको,
दिवे बघून चालवतोय,
बाबा चालवायचे दाभोळच्या खाडीत, तसं.

खाली पार्किंगमध्ये पोरं लपाछपी खेळतायत,
चार भाषांत भांडतायत.
मला आमचा सुट्टीतला शब्द आठवतो,
कुणावर राज्य?
राज्य आलं की मी रडायचे.
राज्य म्हणजे भिंतीकडे तोंड, डोळे गच्च,
शंभरपर्यंत मोजायचं,
आणि तोवर सगळे कुठे गेले
ते आपल्याला ठाऊक नसायचं.
मागून धप्पा बसला की पुन्हा एकपासून.

हे उत्तरात लिहिलं तर लीलम्मा मिस
समासात प्रश्नचिन्ह काढतील.
लाल. अत्यावश्यक.

अम्मी ताट न्यायला येते, फोनवर वाकते.
"कुठे आहेत?"
"वाळवंटात."
"मग वेळ लागेल," म्हणते
आणि आत जाऊन त्यांचा भात झाकून ठेवते.

पाचवा देश आत्ता आठवला.
महगुल झोपली असणार.
दिवे आहेत तिथेच आहेत,
त्यातला एक सरकल्यासारखा वाटला, पण नाही.
मी कठड्याला कपाळ टेकते, डोळे मिटते,
व्याख्या पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघते.
सत्ता म्हणजे आपल्याला हवं ते
दुसऱ्याकडून,
त्याची इच्छा,
एकवीस, बावीस, तेवीस